वजा न केलेला तास

१४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मुकादम पडले. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गोदी कामगार संघटनेच्या सभागृहात प्रतिनिधींचे हात मोजले गेले. चिटणिसाला एक्केचाळीस, मुकादमांना अडतीस. निवडणूक अधिकारी म्हणून बसवलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी हात दोनदा मोजले आणि पाच वाजता आमच्या बातमीदाराला स्वतः फोन करून आकडे सांगितले, तेव्हा आता यात शंका नाही. एकवीस वर्षं अध्यक्षपदावर बसलेला माणूस उठला.

आणि हे मी चोवीस सप्टेंबरच्या अंकात छापलं होतं. पान सहा, माझं शनिवारचं भविष्याचं सदर, शेवटचा परिच्छेद. ‘गोदीतल्या सर्वांत जुन्या खुर्चीवरचा माणूस नोव्हेंबर संपायच्या आत बदलेल. शनी त्यांच्या दशमात आहे, आणि दशमातला शनी खुर्ची ठेवत नाही.’ शब्द न् शब्द खरा झाला.

आज सकाळी कचेरीत शिरले तर जाहिरात विभागातली माणसं उठून उभी राहिली. उभी! अकरा वर्षं मी त्यांच्या टेबलांवरून जाते, एकाने कधी मान वर केली नव्हती. संपादकांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला, तोही कपबशीतून. आम्हा बाकीच्यांना ग्लास असतो. म्हणाले, “बाई, आता तुमचं सदर पान एकवर. फोटोसकट.” मी म्हटलं, फोटो नको, लोक रस्त्यात हात पुढे करतील. तर म्हणाले, “करू देत की! तेच तर हवंय.”

एक गोष्ट मात्र सकाळपासून डोक्यात अडकली आहे. जिन्यात एक क्रेनवाला भेटला. संघटनेत प्रतिनिधी आहे. म्हणाला, “बाई, तुमच्यामुळे ठरवणं सोपं गेलं.” मी हसून पुढे गेले. वर आल्यावर वाटलं, माझ्यामुळे कसं?

असो. त्यांची जन्मवेळ तू चिठ्ठीवर लिहून पाठवलीस म्हणून हे जमलं. आभार मानायचे राहिले होते. मामीला सांग, भाची शेवटी नावारूपाला आली. उत्तर पत्रानेच दे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मामी निरोप सांगताना त्यात स्वतःचं मत मिसळते.

तुझी
ठकी

•

१७ नोव्हेंबर

ठके,

पत्र मिळालं. शाबासकीची वाट पाहत असशील तर पाहू नकोस.

ऑगस्टमधलं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. ‘मुकादमांची जन्मवेळ तुझ्याकडे असेलच. अभ्यासासाठी हवी होती.’ अभ्यासासाठी! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुला लहानपणी नव्हती. वर्तमानपत्राने लावली.

तो माणूस अठरा वर्षं माझ्याकडे येतो आहे. दोन तास बसने येतो, बाहेरच्या बाकावर चार बायकांच्या मध्ये अंग चोरून बसतो. नंबर लागला की आत येतो आणि मी पडदा ओढतो. संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने कधी आधी आत सोडा म्हटलं नाही. तुझ्या आजोबांनी मला हे शास्त्र शिकवलं तेव्हा आधी गणित नाही शिकवलं, आधी पडदा शिकवला. ज्याचं त्याला सांगावं, एकट्याला सांगावं, तोंडी सांगावं. डॉक्टर रोग्याचं दुखणं फळ्यावर लिहून चौकात टांगत नाही.

तू टांगलंस. बरोबर आलं म्हणून टाळ्या मिळाल्या. चुकलं असतं तर लोक हसून विसरले असते. म्हणजे तुमचा धंदा असा, की चुकीला शिक्षा नाही आणि बरोबर आलं तर दुसऱ्याला शिक्षा.

आता माझं एवढं ऐक. फोटो छापू देऊ नकोस, सत्कार घेऊ नकोस, मुकादमाबद्दल पुन्हा एक अक्षर लिहू नकोस. आणि त्या जन्मवेळेचा विषय माझ्याकडे काढू नकोस. चिठ्ठी फाडून टाक.

मामी म्हणते, नावारूपाला आलीस ते ठीक, पण रूपाचं आधीच बरं चाललं होतं, नावाची घाई कशाला केलीस. हे तिचं मत, मी मिसळलेलं नाही.

मामा

•

२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला.

मी मुकादमांच्या घरातलं काय छापलं? बायको, मुलगी, आजार, काही नाही. मी खुर्ची छापली. खुर्ची हजार माणसांची आहे. तिच्यावर बसणाऱ्याबद्दल हजार माणसांना काही कळलं, तर तो पडद्याआडचा विषय कसा? आणि तुझ्या पडद्याचं मला सांगू नकोस. आतून बाहेर आलेली बाई गल्ली संपायच्या आत चौघींना सगळं सांगते. फरक एवढाच की तू छापखाना वापरत नाहीस, म्हणून तुझ्यावर सही राहत नाही. मी सही करून लिहिते. चुकले तर माझं नाव खाली असतं. यात लपवाछपवी कुठली?

फोटो मी छापू दिला.

२४ नोव्हेंबर

वरचं मंगळवारी लिहिलं आणि पाकीट चिकटवायचं राहून गेलं. आज गुरुवार. पहिलं पान फाडत नाही, कारण ते मी लिहिलेलं आहे. पण पुढचं वाच.

काल चिटणिसाने, म्हणजे आता अध्यक्षाने, मालकांशी करार केला. दोन नवी यंत्रं येणार आणि दुसऱ्या पाळीतली बासष्ट माणसं घरी जाणार. मुकादम हाच कागद तीन वर्षं अडवून धरून होते. बातमी आमच्याकडे तीन ओळींत आली. त्या ओळी वाचल्या आणि मला जिन्यातला क्रेनवाला आठवला.

आज सकाळी मी मुकादमांच्या घरी गेले. शीतगृहाच्या मागची इमारत, तिसरा मजला, दोन खोल्या. ते खिडकीशी टेबलफॅन उघडून बसले होते. स्क्रू एका बशीत ओळीने मांडलेले. मला पाहून म्हणाले, “या, ज्योतिषीबाई. अजून काही पडायचं राहिलंय का?” त्यांच्या बायकोने पाण्याचा पेला समोर ठेवला आणि आत गेली.

मी सरळ विचारलं, मतं कुठे फुटली?

“फुटली कसली! माझे त्रेचाळीस पक्के होते. क्रेनच्या शेडमधल्या पाच जणांनी ऐन वेळी हात फिरवला. एकाने तर तुमचं कात्रण खिशातून काढून दाखवलं. घडी घालून घालून पार मऊ झालेलं. म्हणाला, मुकादम, तुमच्याविषयी मनात काही नाही, पण पडणाऱ्या भिंतीखाली उभं राहून काय करू? मी म्हटलं, अरे, भिंत पडत नव्हती. तुम्ही पाच जण सरकलात म्हणून पडली.”

मी म्हटलं, कुंडलीत तसं दिसत होतं. नऊ चाळीसचा जन्म, तूळ लग्न, दशमात शनी.

त्यांनी स्क्रूवरून नजर उचलली. “नऊ चाळीस घड्याळात. मी दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतला. सरकारने सगळी घड्याळं तासभर पुढे करून ठेवली होती. आई म्हणायची, तू घड्याळात नऊ चाळीसचा आणि उन्हात आठ चाळीसचा.”

मी तिथून निघाले ती घरी. कचेरीत गेलेच नाही. तास वजा करून कुंडली पुन्हा मांडली. लग्न तूळ नाही, कन्या. म्हणजे सगळी घरं एकेकाने सरकली. तोच शनी, तीच रास, पण घर दहावं नाही, अकरावं. लाभाचं! तूच शिकवलंस, अकराव्यातला शनी माणसाला वर चढवतो. मी छापलं त्याच्या नेमकं उलट.

म्हणजे चुकीच्या कुंडलीवरून मी भविष्य लिहिलं, आणि पाच माणसांनी ते खरं करून दाखवलं. वर्ष त्या चिठ्ठीवर होतं, मी ताडायला हवं होतं. पण तू वेळ नेहमी वजा करूनच लिहितोस, म्हणून मी पुन्हा वजा केली नाही. तू विसरलास का?

निघताना मुकादम दारापर्यंत आले. मी तुझी भाची, हे त्यांना ठाऊक आहेच. म्हणाले, “मामांना सांगा, या महिन्यात येणं जमणार नाही.” बाकी काही विचारलं नाही.

ठकी

•

२८ नोव्हेंबर

ठके,

विसरलो असेन. सत्तरी उलटली. हल्ली चष्मा डोळ्यांवर असताना घरभर चष्मा शोधतो, तिथे एका तासाचं काय.

झालं ते झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. लोकांच्या लेखी भविष्य खरं ठरलं आहे. पाहुणा पुढच्या दाराने आला की मागच्या, हे आता कोण विचारतो? तू मात्र स्वतःहून दार दाखवायला जाऊ नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला?

जरा इकडचाही विचार कर. आठवड्याला तीस-चाळीस माणसं माझ्या बाकावर बसतात. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचा मुलगा घर सोडून गेलाय. मी त्यांना काही फार देत नाही. अर्धा तास ऐकतो, आणि जाताना त्यांची पाठ जरा सरळ झालेली असते. मी वेळा चुकवतो, आणि आतल्या वेळा बाहेर जातात, हे त्यांना कळलं तर उद्या तो बाक रिकामा. मी या वयात दुसरं काय करू? भाजी निवडू?

मुकादम येत नाही म्हणाला, ते वाचलं.

मामा

•

२ डिसेंबर

मामा,

तू विसरलास यावर माझा विश्वास नाही.

मी बारा वर्षांची असताना तुझी फाटलेली वही मी उतरवून काढली होती. पूर्ण सुट्टी गेली. लढाईच्या वर्षांतला प्रत्येक जन्म तू लाल पेन्सिलीने गोल करून ठेवला होतास आणि बाजूला लिहिलं होतंस, ‘एक तास वजा’. त्यातला एक गोल मी विसरले म्हणून माझ्या बोटावर फूटपट्टी बसली होती. चष्मा विसरणारा माणूस तो गोल विसरत नाही.

आता इथलं सांगते. सोमवारी मी संपादकांना खुलासा लिहून दिला. आठ ओळी. ‘या सदरात २४ सप्टेंबरला वर्तवलेलं भाकीत चुकीच्या जन्मवेळेवर आधारलेलं होतं. ते मागे घेत आहे.’ त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि हसू आवरत म्हणाले, “बाई, भविष्य चुकलं तर खुलासा छापतात. बरोबर आल्यावर खुलासा छापल्याचं ऐकलंय कधी? लोक मला वेड्यात काढतील.”

मी म्हटलं, ते बरोबर आलं नाही, आणलं गेलं.

“मग तर आणखीच छान. आपल्या पेपरात ताकद आहे म्हणायची.”

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या बासष्ट जणांनी सह्या गोळा केल्या आहेत. संघटनेच्या नियमाप्रमाणे रविवारी, अठरा तारखेला, प्रतिनिधींची सभा पुन्हा घ्यावी लागणार आणि अध्यक्षपदासाठी पुन्हा हात वर होणार. चिटणीस कालच संपादकांकडे येऊन गेला. तो गेल्यावर मला बोलावणं आलं. दहा तारखेच्या सदरात चिटणिसाची कुंडली हवी. पान एक, चौकटीत, मोठ्या अक्षरांत. “ग्रह अनुकूल आहेत, एवढं लिहा. तपशील तुमच्या पसंतीचा.”

मी म्हटलं, आणि अनुकूल नसले तर?

तर म्हणाले, “बाई, अकरा वर्षांत तुम्ही कधी कुणाला प्रतिकूल लिहिलंय? एकदाच लिहिलंत आणि माणूस पडला. आता अनुकूल लिहून पाहू.”

मी ते लिहिणार नाही. दहा तारखेला माझा खुलासा छापून येईल, नाहीतर माझं काहीही छापून येणार नाही. तुझं नाव मी कुठेच घालत नाही. बाक तुझा शाबूत राहील. पण मला खरं कळायला हवं. तो तास तू का ठेवलास?

ठकी

•

६ डिसेंबर

ठके,

तुझं पत्र तीन दिवस उशीखाली ठेवलं. शेवटी मामीने काढून टेबलावर ठेवलं आणि समोर पेन ठेवलं. म्हणाली, “लिहा. नाहीतर मी फोन करते.” म्हणून लिहितो.

मी विसरलो नाही. मी तास मुद्दाम ठेवला.

अभ्यासासाठी हवी म्हणालीस तेव्हाच मला शंका आली होती. कुंडलीचा अभ्यास करणारा माणूस माळ्याची मागतो, शिंप्याची मागतो. निवडणुकीच्या तोंडावर नेमकी अध्यक्षाची मागत नाही. तुला ‘देत नाही’ असं लिहायला हवं होतं. सरळ, दोन शब्द. पण तुझी आई गेल्यापासून तुला मी कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि त्या दिवशीही जमलं नाही. मग मी दीडशहाणपणा केला. वजा करण्याआधीची वेळ लिहिली. मी नेहमी वजा करूनच लिहितो, तेव्हा तू पुन्हा वजा करणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, हिच्या हाती भलतीच कुंडली पडेल. छापलंच काही, तर ते मुकादमाचं नसेल. माणूसही वाचला आणि भाचीही दुखावली नाही.

भलत्या कुंडलीत काय आहे ते मी मांडूनसुद्धा पाहिलं नाही. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी तुझं सदर वाचलं तेव्हा ते कळलं. तरीही तुला कळवलं नाही. वाटलं, खोटंच आहे, खोटं ठरेल. अठरा वर्षं पडदा ओढणारा मी, माझ्याच हाताने त्या माणसाला पाडून बसलो.

तो माझ्याकडे काय विचारायला यायचा ते मात्र तुलाही सांगणार नाही. खुर्चीबद्दल नव्हतं, एवढं पुरे.

आता उपाय सांगतो. तू बरोबर कुंडली छाप. कन्या लग्न, शनी लाभात, अठरा तारखेला मुकादमाचं पारडं जड. हे खोटं नाही, गणितात बसतं. ज्या पाच जणांनी कात्रण पाहून हात फिरवला, ते नवं कात्रण पाहून परत फिरवतील. बासष्ट घरं वाचतील. शंभर वेळा विचार करून सांगतो आहे. संपादक छापणार नाही म्हणत असेल, तर हस्तपत्रक काढ आणि खाली माझं नाव घाल. माझ्या नावाला त्या भागात वजन आहे.

मामा

•

११ डिसेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी मी रडले. नंतर संतापले. मग जेवले, कारण तेवढ्यात भूक लागली.

रडले ते तुझ्यासाठी नाही. मला कुणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं होतं आणि कुणीच म्हटलं नाही. संपादक म्हणाले नाहीत, वाचक म्हणाले नाहीत, तूही नाही.

आता काय काय झालं ते ओळीने सांगते. दहा तारखेसाठी मी खुलासाच दिला. संपादकांनी तो काढला आणि माझ्या जागी कुणाकडून तरी चिटणिसाचे अनुकूल ग्रह लिहून घेतले, फोटो मात्र माझा छापला. मी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून म्हटलं, माझ्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचं लिहिणं छापायचा तुम्हाला हक्क नाही. म्हणाले, “मग चेहराही काढतो. उद्यापासून येऊ नका.” बरं, म्हटलं. ड्रॉवरमधलं पंचांग, दोन पेनं आणि चपला घेऊन बाहेर पडले. चपला हातात होत्या हे फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं. जाहिरात विभागातलं कुणी उभं राहिलं नाही. हे लिहिताना मला हसू येतंय, म्हणजे मी बरी आहे.

तिथून मुकादमांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तासाचंही सांगितलं, तुझंही. नाव घालणार नाही असा शब्द मी तुला दिला होता. तो मोडला. पण त्यांना आधीच ठाऊक होतं. ती वेळ त्यांनी जन्मात एकालाच सांगितली होती. बासष्टांपैकी चौघे तिथे बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न काय केला असेल? “मग बाई, बरोबर कुंडली काय म्हणते?” चौघांचे डोळे असे लागले होते, की मी ‘लाभात’ एवढं म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत गोदीभर झालं असतं.

मी सांगितलं नाही. आणि मामा, तुझं हस्तपत्रकही मी काढणार नाही.

तू म्हणतोस, ते गणितात बसतं. पहिलंही माझ्या लेखी गणितातच बसत होतं! पाच माणसं कात्रण पाहून हात खाली घेतात आणि कात्रण पाहूनच वर करतात, तर त्या हातांचा उपयोग काय? पुढच्या वेळी चिटणीस तिसरा ज्योतिषी आणेल. मग हात राहतील त्यांच्या खांद्यांना आणि हलवणार आपण. बासष्ट घरं मलाही दिसतात. त्यातली दोन माझ्याच गल्लीत आहेत, येता जाता त्यांचे चेहरे पाहते. पण त्यांना वाचवायचं तर करार वाचून वाचवू देत. करारात काय आहे ते त्या सभागृहात अजून कुणी मोठ्याने वाचलेलंसुद्धा नाही.

चौघांतला एक भडकला. “पाडायला आलात तेव्हा छापलंत, उभं करायची वेळ आली तर तोंड शिवून बसलात?” त्याचं खरं होतं. मी म्हटलं, हो. पाडलं ती चूक होती, आणि तीच चूक उलटी करून दुरुस्त होत नाही.

मुकादमांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग म्हणाले, “बरोबर बोलतेय ती. मला ग्रहांनी पाडलं नाही, ग्रहांनी उचलायला नको.” आणि मला म्हणाले, “सभेत बोलाल? एवढंच सांगा की ते चुकलं होतं. माझ्या बाजूने एक शब्द बोललात तर मीच खाली बसवीन.”

तर मी बोलणार आहे. सभासद नसलेल्या माणसाला पाच मिनिटं मिळतात, तीही अध्यक्षांनी हरकत घेतली नाही तर. चिटणीस घेईल. घेऊ दे. मग मी दारात उभी राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. मला गप्प बसवायला त्याला नवीन नियम करावा लागेल. मी एवढंच सांगणार: वेळ चुकीची होती, कुंडली चुकीची होती, आणि बरोबर असती तरी तुम्ही हात कुणासाठी वर करायचा हे सांगायचा अधिकार मला नव्हता. तुझं नाव घेणार नाही. मुकादमांपाशी शब्द मोडला, सभेत मोडणार नाही.

त्यानंतर मी सदर लिहिणार नाही. इथेही नाही, दुसऱ्या पेपरातही नाही. आलं कुणी घरी, तर पडदा शिवून घेईन.

ठकी

•

१४ डिसेंबर

ठके,

हस्तपत्रकाचं मी सुचवलं ते विसर. ते मी घाबरून लिहिलं होतं. माणूस एक खड्डा बुजवायला दुसरा खणतो, तसं.

तुझं पत्र आलं तेव्हा बाहेर सात जण बसले होते. मी पडदा ओढला नाही. बाहेर येऊन बाकासमोर उभा राहिलो आणि सातही जणांना सांगितलं, की माझ्याकडे येणाऱ्या एका माणसाची जन्मवेळ मी दुसऱ्याच्या हाती दिली, तीही मुद्दाम चुकीची दिली, आणि त्यात त्याचं नुकसान झालं. ज्याला उठून जायचं असेल त्याने जावं. तिघे गेले. एक म्हातारी उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. म्हणाली, “माझं काही नुकसान व्हायचं राहिलेलं नाही, तुम्ही बोला.” तिघांचं वाईट वाटलं. पण कोसळलो नाही, आणि भाजी निवडायची वेळही अजून आलेली नाही.

तू सभेत माझं नाव घेणार नाहीस म्हणतेस. नको घेऊस. मी स्वतः घेईन. तू चुकीची वेळ होती म्हणशील, तर चिटणीस उठून विचारणार, वेळ दिली कुणी? तेव्हा तू गप्प राहशील आणि लोकांना वाटेल तू काहीतरी लपवतेस. म्हणून मी येतो आहे. मला ऐकू कमी येतं याचा फायदा असा, की कुणी ‘खाली बसा’ म्हणून ओरडलं तरी मी उभाच राहीन. मामी सोबत येते आहे. ती म्हणते, सभेत मत द्यायचा हक्क नसला तरी मत सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. तिला दारातच थांबव.

वही आणणार नाही. कुणी पुरावा मागितला तरी नाही. तिच्यात बाकीच्यांच्याही वेळा आहेत.

मुकादमाला भेटायला आधी जाणार नाही. सभेत सगळ्यांसमोर माफी मागेन. त्याला द्यायची नसेल तर तीही सगळ्यांसमोर नाकारू दे.

चिटणिसाने काल मला माणूस पाठवला होता. अठरा तारखेचं काय दिसतं, असं विचारत होता. मी म्हटलं, मी ते मांडलेलं नाही आणि मांडणारही नाही. तो म्हणाला, “म्हणजे वाईट आहे वाटतं?” मी दार लावून घेतलं.

रविवारी आमची बस साडेआठला स्टँडवर लागते. सभा दहाला. आधी तू बोलशील, मग मी. मग करार मोठ्याने वाचला जाईल, असं मुकादमाच्या माणसांनी कळवलं आहे. बाराच्या सुमारास हात वर होतील. निवृत्त मुख्याध्यापकच मोजणार आहेत, या वेळीही दोनदा.

मामा